‘पाणी आणा’ म्हणण्याआधी

माणूस कोसळला की आपल्याकडे पहिली हाक उठते ती ‘पाणी आणा, पाणी!’ कुणी हातातल्या वर्तमानपत्राने वारा घालायला लागतं, कुणी तळपाय चोळतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. फिट असेल असं वाटलं तर चप्पल हुंगवतात. गर्दीतले एखादे वडीलधारे ‘मागे व्हा, हवा येऊ द्या’ म्हणत शर्टाची बटणं सोडतात. या सगळ्यात माया असते, धडपड असते. पण त्या माणसाचं हृदय थांबलेलं असेल तर यातल्या कशाचाच त्याला उपयोग होत नाही, आणि पाण्याने तर अपायच होतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं.

प्रथमोपचार आणि सीपीआरचा एक दिवसाचा वर्ग मी केला तो पन्नाशी उलटल्यावर. डॉक्टर-नर्स यांच्यासाठीचा मोठा अभ्यासक्रम वेगळा, हा तुमच्याआमच्यासारख्यांसाठीचा. शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर कमरेपासून वरचंच धड असलेल्या पाच डमी, आणि आम्ही वीसेक जण. स्कूल बसवर मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दोन मावशी, एका सोसायटीचे वॉचमन, जिममधला ट्रेनर, वडिलांची बायपास झालेला एक तरुण आणि त्याची बायको, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. या कंडक्टरकाकांकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र तरुणपणापासून होतं, कारण आपल्या राज्यात कंडक्टरचा बिल्ला काढायचा तर ते जोडावं लागतं. ‘‘कागद आहे हो मॅडम,’’ ते शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंना म्हणाले, ‘‘पण छातीवर हात ठेवून कधी बघितलेला नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘मग काका, पहिले तुम्हीच या.’’

त्याआधी बाईंनी बराच वेळ एकाच मुद्द्यावर घालवला, आणि तो घालवायलाच हवा होता. हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन निराळ्या घटना आहेत. बोलताना आपण दोन्हींना ‘अटॅक आला’ असंच म्हणतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने तुंबते. छातीवर दडपण येतं, दरदरून घाम फुटतो, कधी डावा हात किंवा जबडा दुखतो; पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो. त्याला आरामात बसवून तातडीने रुग्णालयात न्यायचं. त्याची छाती दाबायची नसते. हृदय बंद पडतं तेव्हा मात्र माणूस काही क्षणांत निपचित होतो. त्या वेळीही हृदय पुष्कळदा स्तब्ध नसतंच. त्याची विद्युतलय विस्कटलेली असते आणि ठोका देण्याऐवजी ते नुसतं थरथरत असतं. मोटर घुर्रघुर्र करते आहे, पण पाणी टाकीत चढत नाही, अशी ती अवस्था. अटॅकमधून ही अवस्था येऊ शकते, विजेच्या झटक्याने येऊ शकते, आणि धडधाकट खेळाडूलाही ती गाठते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच चालता चालता कोसळला. मैदानावरच त्याच्या छातीवर दाब दिले गेले, यंत्राने शॉक दिला गेला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला.

रक्त पोचलं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. छातीवर दाब नाही आणि शॉकही नाही, अशा दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही आपल्या राज्याची जमेची बाजू आहे. पण संध्याकाळी सातच्या वाहतुकीत किंवा घाटाखालच्या वाडीवर चार मिनिटांत कोणतीही गाडी पोचत नाही. ती मिनिटं तिथे जो उभा असेल त्याच्या वाट्याला येतात. बायको, मुलगा, वॉचमन, शेजारच्या दुकानातला पोऱ्या.

छाती दाबून आणि श्वास देऊन माणसाला तगवण्याचं हे काम, म्हणजेच सीपीआर, डॉक्टरांकडून सामान्य माणसाच्या हातात आलं त्याला अजून सत्तर वर्षंही झालेली नाहीत. आपल्या आजोबांच्या पिढीला स्काउटमध्ये शिकवत ती पद्धत निराळी होती: बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायची आणि कोपर धरून हात वर ओढायचे. डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांच्या नावाने ती ओळखली जाई. त्यातून फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही हे १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर साफार या भूलतज्ज्ञांनी दाखवून दिलं. साफार यांनी स्वयंसेवकांना स्नायू लुळे करणारं औषध देऊन, त्यांचा स्वतःचा श्वास थांबवून, तोंडाने दिलेल्या श्वासावर त्यांना जगतं ठेवलं. आपल्या उच्छ्वासातही सोळा-सतरा टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि दुसऱ्याला तो पुरतो.

छाती दाबण्याचा शोध तर एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या प्रयोगशाळेतून आला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम कौवेनहोव्हन विजेच्या धक्क्याने बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू कसं करता येईल यावर काम करत होते. तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत, म्हणून वीज कंपन्यांना यात रस होता. १९५८ मध्ये त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यावर प्रयोग करत असताना त्याच्या लक्षात आलं की शॉक द्यायच्या जड पट्ट्या छातीवर जोराने टेकवल्या की वीज सोडण्याआधीच रक्तदाबाचा काटा किंचित हलतो. नुसत्या दाबण्याने रक्त पुढे सरकत होतं! तोवर बंद हृदय चालवायचं तर छाती चिरून ते मुठीत धरून पिळावं लागे. जेम्स ज्यूड या शल्यविशारदाला सोबत घेऊन तिघांनी हे तंत्र पक्कं केलं आणि १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात वीस रुग्णांची हकिकत छापली. त्यांतले चौदा वाचले होते. त्यांच्या लेखाचा आशय असा होता की आता हे कुणालाही, कुठेही सुरू करता येईल. लागतात ते फक्त दोन हात. मला हे वैद्यकाच्या इतिहासातलं फार मोठं औदार्य वाटतं. ज्ञान हातात आल्याआल्या ते दाराबाहेर ठेवायचं, हे सहसा घडत नाही.

त्याच वर्षी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या आस्मुंड लारडाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने सरावासाठी पहिली डमी तयार केली. स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. डमीला त्याने चेहरा दिला तो एका मुखवट्यावरून. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनामिक मुलीचा तो मुखवटा, असं सांगतात. आमच्या सतरंजीवर निजलेल्या पाचही डमी तिच्याच वंशातल्या.

आता कंडक्टरकाकांकडे. ते गुडघ्यांवर बसले. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध हाडावर, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. त्यांनी दाबलं. डमीने काहीच आवाज केला नाही. पुरेसा दाब बसला की तिच्यात ‘टक्’ असं वाजतं. ‘‘अजून, काका. पाच सेंटिमीटर खाली गेलं पाहिजे.’’ पाच सेंटिमीटर म्हणजे काय हे वाचून कळत नाही. जिवंत माणसाला एवढं दाबायला मन धजत नाही. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. हात छातीवरून उचलायचे नाहीत, पण त्यावर रेलायचंही नाही. जोर दंडातून लावला तर माणूस लगेच दमतो. कमरेतून वाकून अंगाचं वजन द्यायचं. जिमचा ट्रेनर दंडाच्या जोरावर गेला आणि मिनिटभरात त्याची लय बिघडली. बसवरच्या किरकोळ अंगाच्या मावशींनी कमरेतून वजन दिलं आणि दोन मिनिटं डमी टक् टक् वाजत राहिली. म्हणाल्या, ‘‘भाकरीचं पीठ असंच मळतो की आम्ही.’’

मोजणीची एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. मराठीत तीसपर्यंत मोजताना दहापर्यंत जीभ झरझर चालते, मग ‘एकोणीस’, ‘सव्वीस’, ‘सत्तावीस’ यांत अडखळते आणि तिच्यामागे हातही मंदावतात. बाईंनी सांगितलं, तीसपर्यंत जाऊच नका, एक ते दहा तीनदा म्हणा. वर्गातल्या सगळ्यांची गती त्यानंतर सुधारली.

इतकं करूनही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश रक्त पुढे ढकललं जातं. एवढंही मेंदूला तग धरायला पुरतं, मात्र खंड पडता कामा नये. दाब सुरू झाल्यावर हृदयाच्या धमन्यांतला रक्ताचा जोर हळूहळू चढत जातो आणि हात थांबताच झटकन उतरतो. म्हणून सारखं थांबून ‘नाडी लागतेय का’ बघायचं नाही. दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यायची, तीही ताल न तोडता. बरगड्या मोडू शकतात, आणि मोडल्याचा आवाज ऐकूही येतो. बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं, कारण तो आवाज ऐकून नवखा माणूस हात काढून घेतो. काढायचे नाहीत.

आणि तोंडाने श्वास? अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या विचारानेच पुष्कळ लोक पुढे होत नाहीत. आपल्याकडच्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरवली तिला ‘कोल्स’ म्हणतात. तिच्यात प्रौढ माणसासाठी श्वास वगळून केवळ छातीवरचे दाब ठेवले आहेत: ओळखा आणि मदत बोलवा, दाबत राहा, रुग्णालयात पोचवा. अचानक कोसळलेल्याच्या रक्तात पहिल्या काही मिनिटांपुरता ऑक्सिजन असतोच. त्याला हवा असतो तो रक्त फिरवणारा कुणीतरी. हा निर्णय मला आपल्या परिस्थितीला अगदी धरून वाटतो. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात आधी श्वास गेलेला असतो, म्हणून तिथे श्वास द्यायला शिकलेलं असावं. विहिरी, शेततळी आणि कोकणचे समुद्रकिनारे ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत त्यांनी तर तीस दाब आणि दोन श्वास हा पूर्ण क्रम शिकून घ्यावाच.

मग बाईंनी आम्हाला एक चित्रफीत दाखवली. कोसळलेला माणूस, डोळे अर्धवट, आणि मध्येच तोंड उघडून घशातून एक मोठी घरघर. मग काहीच नाही. मग पुन्हा एक. ‘‘हा श्वास घेतोय का?’’ निम्म्याहून जास्त हात वर झाले. माझाही झाला.

मराठीत याला शब्द आहे: आचके. माझे वडील आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्यांनी दोन-तीन आचके दिले. आई म्हणाली, जीव आहे अजून, डॉक्टरांना बोलाव. भाऊ सायकलवर धावला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी घातलं. ते ओघळून गेलं. डॉक्टर येईपर्यंत आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो, कारण आचके म्हणजे श्वास आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तो श्वास नव्हता. रक्त तुटलेल्या मेंदूच्या तळातून उठणारी ती शेवटची प्रतिक्षिप्त क्रिया असते. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती बऱ्याच जणांत दिसते. नियम सोपा आहे. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर आचके दिसत असले तरी छाती दाबायला घ्या. आपली चूक झाली आणि हृदय चालू असलं, तरी तो माणूस कण्हेल, हात झटकेल; मोठी इजा क्वचितच होते. न दाबण्याची चूक मात्र परत फिरवता येत नाही.

वर्ग संपल्यावर मी बाईंना विचारलं, तेव्हा मला हे येत असतं तर? त्या म्हणाल्या, ‘‘सांगता येत नाही, ताई. दाबूनही पुष्कळ जण जातात.’’ त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. माणूस पडल्यावर आपल्या हातून जे आपसूक होतं, त्यातलं बरंचसं निरोपाचं आहे. तोंडात पाणी घालणं, डोकं मांडीवर घेणं, रामनाम म्हणणं. आणि ‘खाली घेणं’! पलंगावरून माणसाला खाली घेतलं म्हणजे तो संपला, असाच अर्थ आपल्या घरांत लावतात. सीपीआरसाठी मात्र पहिलं काम तेच करावं लागतं, कारण गादीवर दाबलं तर गादीच दबते, छाती दबत नाही. बायपासवाल्या वडिलांच्या मुलाने हाच प्रश्न काढला: ‘‘मी बाबांना खाली काढायला गेलो तर आई मला हात लावू देणार नाही.’’ बाई त्याला म्हणाल्या, ‘‘मग आजच घरी जाऊन आईंना सांगा. त्या वेळी समजवायला सवड मिळणार नाही.’’ प्रथमोपचाराच्या कोणत्याही पुस्तकात मला हे वाचायला मिळालं नव्हतं. घरातले जे एकटेच शिकून आलेत त्यांनी घरच्यांना एवढं जरूर सांगून ठेवावं: खाली घेतो आहे ते वाचवण्यासाठी.

संकोच दुसराही असतो. बाई कोसळली तर पुरुष हात लावायला कचरतात. चारचौघांत बायकांना सीपीआर कमी मिळतो असं परदेशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे. डमीचा चेहरा मुलीचा असला तरी धड बहुधा सपाट, पुरुषाचं असतं, म्हणजे सराव होतो तोही पुरुषाच्याच छातीवर. आमच्या बाईंनी एका डमीला चक्क पातळ नेसवलं होतं. पदर आवरत बसायचं नाही, कपड्यांवरूनच दाबायचं. वॉचमनकाकांनी आधी मान खाली घातली, मग दाबलं, आणि नीट दाबलं.

पोलिसांच्या लफड्याची भीतीही अनेकांनी बोलून दाखवली. रस्त्यावरच्या अपघातापुरतं याचं उत्तर कायद्यात आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून अनवधानाने काही झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

दुपारनंतरचा भाग भरभर झाला. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही नाही. फिट आली तर आजूबाजूचं टोकदार सामान हटवायचं, झटके थांबल्यावर कुशीवर वळवायचं, दातांत चमचा घालायचा नाही. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयाकडे निघायचं. घशात अडकलं आणि माणसाला खोकताही येत नसेल तर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही, त्याला हातावर पालथं घेऊन थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध दाब. शेंगदाणा अडकलेल्या बाळाच्या तोंडात आज्या बोट घालतात, ते सर्वांत धोक्याचं. दिसत नसलेली वस्तू बोटाने आणखी खाली जाते.

शिकलेल्या लोकांची संख्या वाढली की आकडे खरोखर बदलतात. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळेत आणि २००६ मध्ये वाहन परवान्यासाठी सीपीआर शिकणं सक्तीचं केलं. तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये सुमारे २१ टक्क्यांना जवळच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता. २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांना मिळाला. महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण त्याच काळात साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेलं. या वाढीला इतरही सुधारणांचा हातभार होता, पण आपल्याकडे कंडक्टरच्या बिल्ल्याला जी अट आहे ती प्रत्येक वाहन परवान्याला का नसावी, आणि ती कागदाऐवजी हातांची परीक्षा का नसावी, असा प्रश्न मला तरी पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस सक्तीचा केला. शाळा, मंगल कार्यालयं आणि गृहनिर्माण सोसायट्या यांत माणसांची वर्दळ काही कमी नसते.

आमचे हात सराव सुटल्यावर किती टिकतील, असंही कुणीतरी विचारलं. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असते, पण हातांची सफाई काही महिन्यांतच उतरू लागते. कंडक्टरकाकांनी जाताना डमीवर आणखी दोन मिनिटं मागून घेतली. या वेळी ती पहिल्या दाबापासून वाजली.

सेंट जॉन अँब्युलन्स, रेड क्रॉस, इंडियन रिससिटेशन कौन्सिलशी जोडलेले भूलतज्ज्ञ आणि अनेक मोठी रुग्णालयं असे वर्ग घेतात. तुम्ही चौकशी कराल तेव्हा फी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: किती जणांमागे एक डमी आहे, आणि प्रत्येकाला सलग दोन मिनिटं दाबायला मिळतात का. फक्त पडद्यावर चित्रं दाखवणार असतील, तर दुसरा वर्ग शोधा. आणि जाताना घरातल्या आणखी एकाला सोबत न्या, कारण कोसळणारा माणूस तुम्हीही असू शकता.